चार पावलं चाल

बसा निवांत. लाइन यायला अजून तासभर तरी आहे, आणि अंधारात मोबाइल चोळत बसण्यापेक्षा ऐकलेलं बरं. उद्या तुम्हा दोघांना वरच्या गावातले खांब बघायला जायचंय, म्हणून सांगतो. घाबरवायला नाही. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला तुम्हाला घाबरवून काय मिळणार?

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्याच हाताखाली वायरमन होता. आम्ही त्याला खारू म्हणायचो. खांबावर असा सरसर चढायचा की खालून बघणाऱ्याला खारच वाटावी. सतरा वर्षं बरोबर काम केलं आम्ही. थापा मारायचा, नाही असं नाही, पण त्या फक्त रजेच्या अर्जात. बाकी सरळ माणूस.

नोव्हेंबरची अठरा तारीख होती, बुधवार. खारू दुपारी तीन वाजता मोटरसायकलवरून वरच्या गावाला निघाला. काम अगदी साधं. त्याच्या थोरल्या भावाच्या घरातला दिवा रोज रात्री एका ठरावीक वेळेला जात होता आणि थोड्या वेळानं आपोआप येत होता. वहिनीनं खाली येणाऱ्या एकाबरोबर निरोप धाडला होता. खारूनं मला विचारलं, मी म्हटलं, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ढिली असेल, आवळून ये. पिशवीत पक्कड, टेस्टर, थोडी वायर घेऊन गेला. सकाळी परत यायचं ठरलं होतं.

आता त्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

खारूचं घर गाणाऱ्यांचं. सात पिढ्या. डोंगरातली जुनी गाणी, एकेक गाणं दोन-दोन, तीन-तीन तासांचं, आणि त्यातलं एक अक्षरही कागदावर नाही. बापानं म्हणायचं, मुलानं ऐकायचं. शिकवताना बाप दिवा मालवायचा. गाणं कानानं धरायचं, ओठांकडे बघून नाही, असं त्याचं म्हणणं. अंधारात एक ओळ बाप म्हणणार, तीच मुलं म्हणणार, चुकलं की गुडघ्यावर एक टपली. दोघं भाऊ असेच शिकले.

त्यातलं सगळ्यात मोठं गाणं म्हणजे वाटेचं गाणं. एकशे बारा कडवी. सात भाऊ आपल्या बहिणीला तिच्या घरी पोचवायला रात्रीचे डोंगर ओलांडतात. वाटेत एकेक भाऊ गळतो. कुणी दरीत जातो, कुणी थंडीनं, कुणी मागं राहतो तो राहतोच. शेवटी बहीण एकटी उरते. मधूनमधून ती विचारते, किती लांब दार? आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं, चार पावलं चाल, बाई, चार पावलं चाल. भाऊ जिवंत असतो तेव्हाही तेच, आणि मेल्यावरही तेच. शेवटच्या बारा कडव्यांत तिच्या घराचं दार येतं. दार कसं आहे, पायऱ्या किती, कडी कुठं, सगळं गाणारा सांगतो. मग ती आत जाते आणि गाणं संपतं.

गंमत अशी की ती बारा कडवी कुणालाच पाठ नव्हती. गाणं संपेपर्यंत ऐकणारे पेंगलेले असायचे. शेवटाला गाणारा एकटाच जागा. वहिनीनं आयुष्यभर ते गाणं ऐकलं, पण विचारलं तर हसून म्हणायची, माझी मजल कधी नव्वदच्या पुढं गेलीच नाही.

खारू साठ कडव्यांपर्यंत शिकला आणि मग एक दिवस बापाला म्हणाला, मला नाही गायचं, मला खांबावर चढायचंय. बाप फक्त एवढंच म्हणाला, "मग हे गाणं कधी सुरूच करू नकोस. अर्ध्यावर सोडलं तर ती वाटेत राहते."

बाप गेला. दादा गात राहिला. त्यानं खारूला कितीदा बोलावलं, ये, उरलेली कडवी घे, मला मूल नाही, माझ्यामागं कोण आहे? खारू म्हणायचा, फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेव की. चेष्टेत म्हणायचा, पण दादाला ते लागलं. चार वर्षं दोघं बोलत नव्हते. माणसं किती सहज वर्षं घालवतात, बघा.

आणि मग ऑक्टोबरात एका रात्री दादा आपल्याच अंगणात पाच-सात माणसांसमोर वाटेचं गाणं गात होता. एक्याण्णवाव्या कडव्यावर त्याचं तोंड वाकडं झालं. बहीण विचारते, किती लांब दार, ती ओळ त्यानं म्हटली आणि उत्तराची ओळ यायच्या आधी तो कोसळला. लकवा. रात्री पावणेबारा वाजले होते. धावपळ झाली, गाडी आली, दवाखाना झाला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवं अंग गेलं. गाणं अर्ध्यावर राहिलं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार?

दादाला पंधरा दिवसांनी घरी आणलं. त्याच रात्रीपासून दिवा जायला लागला. पावणेबाराला.

खारू पोचला तेव्हा पाच वाजले होते. दादा खाटेवर पडलेला. त्यानं डोळे उघडले, भावाला बघितलं आणि डावा हात थोडा उचलला. खारू मला म्हणाला, चार वर्षांचं भांडण तेवढ्यात मिटलं, आणि त्या क्षणी मला कळलं की ते किती फालतू होतं.

मग त्यानं काम सुरू केलं. खांब बघितला, सर्व्हिस वायर बघितली, मीटर, मेन स्विच, फ्यूज, सगळं उघडून आवळून घेतलं. कुठंही काही ढिलं नव्हतं. वहिनी म्हणाली, भाऊजी, आज राहाच. तिनं जेवायला वाढलं, त्याचं जेवण होऊ दिलं. मग सांगितलं.

पहिल्या रात्री दिवा गेला तेव्हा वरच्या वळणावर कुणीतरी चालताना ऐकू आलं. तिला वाटलं, उशिरा घरी जाणारा कुणी असेल. दुसऱ्या रात्री तोच आवाज एक वळण खाली. तिसऱ्या रात्री आणखी खाली. चालणारं एकटंच, सावकाश, मधेच थांबणारं. दिवा आला की आवाज बंद. असं रोज, आणि रोज थोडं जवळ.

"काल फाटकाची कडी वाजली," वहिनी म्हणाली.

खारू म्हणाला, गुरं असतील. वहिनी म्हणाली, गुरं कडी वाजवून थांबत नाहीत.

साडेअकराला दोघं दादाच्या खाटेपाशी बसले. खारूनं टेस्टर हातात धरला होता. तो वायरमन होता. दिवा जातो त्याला कारण असतं, हे त्यानं आयुष्यभर बघितलेलं.

पावणेबाराला दिवा गेला.

खारू उठला, बॅटरी लावली, मेन स्विचपाशी गेला. टेस्टर लावला. पेटला. म्हणजे करंट होता. न्यूट्रल तपासला, तोही शाबूत. स्टुलावर चढून दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावला. पेटला. नवा दिवा लावून बघितला.

काळा.

तुम्ही दोघं शिकून आलात ना, सांगा मला असं कसं होतं. मी तेहतीस वर्षं याच धंद्यात काढली, मला माहीत नाही.

तो स्टुलावरच उभा होता. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. आणि फाटक उघडलं.

खाटेवर दादाचा डावा हात हलायला लागला. खाटेच्या लाकडावर बोटं आपटत होती. ठक… ठक-ठक. ठक… ठक-ठक. खारूनं ते लहानपणापासून ऐकलेलं. वाटेच्या गाण्याचा ठेका होता तो.

अंगणात पावलं आली. थांबली.

मग आवाज आला. बाईचा. दमलेला. चालीवर नाही, सूर लावून नाही. वाटेत आपण कुणाला विचारतो तसा.

"किती लांब दार?"

वहिनीनं खारूचं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता. ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला येतं ना, भाऊजी… म्हणा. संपवा ते."

खारू मला म्हणाला, मी सांगणार होतो की मला येत नाही. पण दादा माझ्याकडे बघत होता. बोटं थांबत नव्हती. आणि बाहेर कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं होतं. एक महिना वाट बघत होतं.

 त्यानं गायला सुरुवात केली. बावीस वर्षांनी.

चार पावलं चाल, बाई, चार पावलं चाल…

बाहेर पावलं वाजली. एक. दोन. तीन. चार. थांबली.

"किती लांब दार?"

आता आवाज जवळ होता. खारूनं पुन्हा तेच म्हटलं. दुसरं त्याला काही येतच नव्हतं.

एक. दोन. तीन. चार.

ओट्यावर.

"किती लांब…"

आता ती दाराला लागून होती. फळीच्या पलीकडे. खारूला तिचा श्वास ऐकू येत होता. चढ चढून आलेल्या माणसाचा श्वास. तो पुन्हा तीच ओळ म्हणणार, तोच दादाची बोटं थांबली. दादा मान हलवत होता. नाही. नाही. घशातून कसला तरी आवाज काढत होता, डोळे फाटलेले, आणि डावा हात दाराकडे करून हलवत होता. हे नाही. हे दार नाही.

तेव्हा खारूला कळलं. दादाचं दार तिचं नव्हतं. नुसतं चाल म्हणत राहिलं तर ती चालत आत येणार. तिला तिचं दार सांगायला हवं होतं. शेवटची बारा कडवी हवी होती.

आणि ती या जगात एकाच माणसाला येत होती. त्याला वाचा नव्हती.

दाराची कडी आतून लावलेली होती. ती हलायला लागली.

खारूनं जुळवलं. चाल ठाऊक होती, ठेका ठाऊक होता, शब्द आपले घातले. काय म्हणतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. फक्त एक दार हवं होतं, कसलंही, इथं नसलेलं. डोळ्यांसमोर आलं ते म्हटलं.

खाली उतर वळणं, बाई, खाली दिव्यांचं गाव,
पाण्याच्या टाकीमागं डावी गल्ली, तिसरं घर आपलं.
तीन पायऱ्या चढ, बाई, निळं दार लोट,
कडी आहे उजव्या हाताला, आत झोपलंय घर.
आली तू, आली तू, संपली तुझी वाट.

कडी थांबली.

बराच वेळ काही नाही. मग पावलं वळली. ओट्यावरून उतरली. अंगणातून गेली. फाटक लागलं, कुणी नीट लावावं तसं. आणि पावलं खालच्या वाटेला लागली. आता ती सावकाश नव्हती. घर जवळ आल्यावर माणूस चालतो तशी होती.

दिवा आला.

खारू भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि हसूही. जमलं, असं वाटत होतं. त्यानं दादाकडे बघितलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते सुटकेचं नव्हतं. तो अजून मान हलवत होता.

वहिनी म्हणाली, "भाऊजी… कुणाचं दार सांगितलंत?"

तुम्ही बघितलं नाही खारूचं तेव्हाचं घर. मी बघितलंय. पाण्याच्या टाकीमागं, डावीकडच्या गल्लीत, तिसरं. तीन पायऱ्या, निळं दार. रंग मीच आणून दिला होता, खांबांच्या कामातला उरलेला. अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी त्या पायऱ्या चढत होता. आत त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी झोपलेली होती.

वर गावात फोन लागत नाही. त्यानं मोटरसायकल काढली आणि सुटला. तेवीस किलोमीटर उतार, अंधार, धुकं. प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं, आता दिव्याच्या झोतात कुणीतरी पाठमोरं दिसणार. कुणी दिसलं नाही. पूर्ण रस्त्यात कुणीच नाही. तो म्हणाला, दिसलं असतं तर बरं झालं असतं. निदान ती माझ्यापुढं आहे की मागं, ते कळलं असतं.

अर्ध्या वाटेवर फोनला रेंज आली. थांबून बायकोला लावला. तिनं उचलला, झोपेतच होती. त्यानं विचारलं, दार लावलंय ना? ती म्हणाली, लावलंय की. त्यानं सांगितलं, कुणीही आलं तरी उघडू नकोस. ती म्हणाली, या वेळेला कोण येणार? मग जरा थांबून म्हणाली, आपली पोर मघाशी झोपेत बरळली. 'आले, आले' म्हणाली, दार उघडायला जाताना म्हणते ना, तसं. मला वाटलं, तुम्हीच आलात.

खारूला फोन खिशात घालायचंही भान नव्हतं, तसाच हातात धरून चालवत आला.

पावणेदोनला पोचला. धावतच पायऱ्या चढला, दार वाजवलं. बायकोनं आतून कडी काढली. म्हणजे कडी लावलेली होती. मुलगी गाढ झोपेत, पांघरूण नीट. त्यानं सगळं घर बघितलं, कपाट उघडलं, खाटेखाली बॅटरी मारली, मोरीत बघितलं. कुणी नाही. काही हललेलं नाही. बायको विचारत राहिली, काय झालं, आणि तो म्हणत राहिला, काही नाही, झोप तू. तो उजाडेपर्यंत मुलीच्या उशाशी बसून होता.

पुढचं आधी सांगून टाकतो. दादाच्या घरचा दिवा त्यानंतर कधी गेला नाही. दादा सव्वा वर्ष जगला. खारू दर रविवारी वर जायचा, त्याच्याजवळ बसायचा. दादा बोटांनी ठेका धरायचा, खारू साठ कडवी म्हणायचा आणि तिथंच अडकायचा. दादा डोळ्यांनी पुढचं सांगायचा प्रयत्न करायचा. सांगता आलं नाही. गेला तेव्हा ती बारा कडवी त्याच्याबरोबर गेली. सात पिढ्यांचं गाणं, आणि शेवट कुणालाच ठाऊक नाही. खारूनं महिन्याभरात घर बदललं, मग बदली मागून घेतली. मुलगी आता मोठी झाली, चांगली शिकतेय. कधी आजारी नाही, काही नाही. फक्त रात्री घरात कुणी गुणगुणलेलं तिला चालत नाही. उठून त्या खोलीतून निघून जाते.

आता त्या सकाळचं.

सहा वाजून दहा मिनिटांनी खारूचा मला फोन आला. एवढंच म्हणाला, या. आवाज असा होता की मी चहा तसाच टाकून निघालो. दहा मिनिटांत पोचलो. तो गल्लीत उभा होता, घराकडे बघत. पायऱ्या चढत नव्हता. रात्री घाईत त्याचं लक्ष गेलं नव्हतं. उजाडल्यावर गाडी नीट लावायला म्हणून बाहेर आला आणि तेव्हा दिसलं.

तिसऱ्या पायरीवर, दाराच्या उजव्या अंगाला, वहाणांचा एक जोड काढून ठेवलेला. बाईमाणसाचा, लहान पायांचा. गवत वळून विणलेला. असल्या वहाणा मी माझ्या आजीच्याही पायांत बघितल्या नव्हत्या. टाचा झिजून गेलेल्या, तळाला ओला चिखल. शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवलेल्या. टाचा रस्त्याकडे, बोटं दाराकडे. आत जाणारा माणूस काढून ठेवतो तशा.

खारू मला म्हणाला, "साहेब, आतून बाहेर कुणी आलेलं नाही. मी रात्रभर जागा होतो."

मी पायऱ्या चढलो. वाकून एका वहाणेत हात घातला.

आत ऊब होती.